विनोदी देखाव्याची वही

१५ जून, रविवार

आमच्या गणपती मंडळाची पहिली बैठक झाली. यंदा जिवंत देखावा, आणि तोही विनोदी, असं ठरलं. ठरलं म्हणजे अध्यक्षांनी सांगितलं. गेल्या साली आम्ही अफजलखानाचा वध केला, त्याआधी पन्हाळ्याहून सुटका. यंदा पलीकडच्या गल्लीतलं मंडळही अफजलखानच बसवणार अशी पक्की खबर लागली, तेव्हा आमच्या कार्यकारिणीला अचानक विनोदाचं महत्त्व पटलं. लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी मार्केट यार्डात अडतीवर दिवाणजी आहे, दिवसभर लिहीतच असतो, तेव्हा हेही होऊन जाईल असं खजिनदारांचं म्हणणं.

लांबी बारा मिनिटं. रस्त्यावर उभा असलेला माणूस त्याहून जास्त थांबत नाही. तो थांबला तरी त्याच्या खांद्यावरचं पोर थांबत नाही. आवाज आधी स्टुडिओत भरून घ्यायचे, स्टेजवरच्यांनी त्यावर ओठ हलवायचे. खेळ रात्री दहापर्यंत, सरकार ज्या दिवसांना सवलत देईल त्या दिवशी बारापर्यंत. पात्रं सहाच्या वर नकोत, कारण कपडे भाड्यानं आणायचे आहेत. बाईचं काम बाईच करील, साडी नेसलेला बाप्या नको. ही शेवटची अट माझी, आणि बैठकीत सगळ्यांत मोठा विरोध तिलाच झाला.

१७ जून

पोरांनी न सांगता मदत सुरू केली. मोबाइल चुटक्यांनी भरला. नवरा-बायको, गुरुजी आणि बंड्या, डॉक्टर आणि पेशंट, दारुड्या आणि पोलीस. सगळे वाचले, काहींना हसलोही. पण एकाही चुटक्यातल्या माणसाला घर नाही. हा नवरा राहतो कुठं, पोटापाण्याला काय करतो, बायकोला घाबरण्याइतकं त्यानं केलंय काय? चुटक्याला यातलं काही लागत नाही. देखाव्याला लागतं, कारण पडदा बाजूला झाला की तो माणूस कुठंतरी उभा असावा लागतो आणि त्याच्या मागं कसली तरी भिंत रंगवावी लागते. पेंटरनं पहिला प्रश्न हाच विचारला : "मागं काय काढू?"

दारुड्या नको हे आजच लिहून ठेवतो. तो हमखास हसवतो, म्हणूनच. एकदा तो आला की लिहिणाऱ्याला पुढचा विचार करावा लागत नाही. शिवाय समोर उभ्या असलेल्या बायकांतल्या काहींच्या घरी तो बसलेला असतो.

२३ जून

यार्डात हळदीची पोती उतरत होती. पोतं आपटलं की पिवळा धुरळा उठतो आणि हमालाच्या भुवया, कान, बनियन, सगळं एका रंगाचं होतं. आमच्याकडचा एक जण, वय तिशीच्या पुढं, घरची दोन एकर, पोतं टाकून कंबर सरळ करता करता म्हणाला, "दिवाणजी, रोज हळद लागतीया. अक्षता कवा पडायच्या?"

सगळी वखार हसली. तो हसला नाही. त्यानं दुसरं पोतं उचललं.

तासाभरानं माझ्या लक्षात आलं की त्यानं विनोद केलाच नव्हता, गाऱ्हाणं सांगितलं होतं. मुलीकडच्यांना पुण्यात फ्लॅट पाहिजे, नोकरी पाहिजे, शेतात काम करणारा नको. हे दुःख गावोगाव आहे आणि एरवी त्यावर लोक सभेत बोलतात तसं बोलतात. यानं अंगावरची हळद दाखवली, एवढंच.

तर आजपासून चुटके बंद. विनोद विचारत फिरायचं नाही, गाऱ्हाणी विचारत फिरायचं. विनोद सांगा म्हटलं की माणूस मोबाइल काढतो. तक्रार सांगा म्हटलं की खुर्ची ओढतो.

२९ जून

वहीत आलेली गाऱ्हाणी, जशी मिळाली तशी.

कोपऱ्यावरच्या काकू : कर्णा दर वर्षी त्यांच्याच खिडकीखाली. एकदा बोलायला गेल्या, तर पोरांनी महाप्रसादाच्या पहिल्या पंगतीत पाटावर बसवलं, ओटी भरली, पाया पडले. आता तक्रार करायची सोय राहिली नाही.

एक निवृत्त शिक्षक : पुण्याचे नातेवाईक सांगलीला येतो म्हणतात तेव्हा आनंद होतो. मग विचारतात, भडंग कुठल्या दुकानातलं आणून ठेवलंय? सर म्हणतात, "मी मेलो तरी हे दहाव्याला येतील आणि जाताना भडंगाची पिशवी नेतील."

रिक्षावाला : पाहुणा "सांगलीला आलोय" म्हणून फोन करतो आणि उभा असतो मिरजेच्या जंक्शनात. मग घरचे चिडतात रिक्षावाल्यावर.

एका वहिनींचं गाऱ्हाणं मला फार आवडलं. पावसाळ्यात त्यांचा नवरा सकाळी उठून आधी आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघतो, मग चहा पितो, मग पुन्हा पातळी बघतो. "सासू आजारी होती तेव्हा तिचं टेंपरेचर येवढ्या वेळा बघितलं न्हाई." सांगलीत हे घरोघरी आहे. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतं, आणि कोयनेतून किती सोडलं यावर नाक्यानाक्यावर क्रिकेटच्या धावसंख्येसारखी चर्चा चालते.

पण यावर नियम : पाणी किती हे विचारण्यावर विनोद करायचा, पाण्यावर नाही. २०१९ ला पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. आमच्या गल्लीतल्या ज्या घरांत गादीपासून पोथीपर्यंत सगळं गेलं, ती माणसं देखाव्याला पहिल्या रांगेत असणार.

२ जुलै

चहा देणारा पोरगा सगळ्या गोष्टी ऐकतो आणि दर गोष्टीनंतर विचारतो, "मग?" आधी त्रास वाटायचा. आता त्याला मुद्दाम गोष्ट सांगतो. भडंगाचं सांगितलं. "मग?" मग काही नाही, भडंग नेलं. म्हणजे तो चुटका, तिथंच संपला. काकूंच्या कर्ण्याचं सांगितलं. "मग?" मग पुढच्या वर्षी काकूंना अध्यक्षा करतात. "मग?" मग त्यांना स्वतःच्याच खिडकीखालच्या कर्ण्याची परवानगी काढायला जावं लागतं. इथं पोरगा चहा ओतायचा थांबला. हे पुढं चालतंय.

हळदीवाल्याचंही सांगितलं. "मग?" म्हणाला नाही. पोरगं गप्प झालं. ते वाक्य एकटंच पुरेसं आहे. त्याच्याभोवती गोष्ट रचली तर त्याची किंमत जाईल. देखाव्यात हा माणूस कुठंतरी यायचा, एक वाक्य बोलायचा, जायचा.

६ जुलै

हार्डवेअरवाल्याकडं खिळे आणायला गेलो होतो. त्याच्या गल्लीतलं मंडळ भांडून फुटलं, म्हणून आता दोन्हीकडची पोरं येतात. दोघांना द्यावं लागतं. तिसरेही येतात, दोघांची दिलजमाई करायला म्हणून, आणि तेही पावतीपुस्तक घेऊन. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांत बरा आपला चोर गणपती. वर्गणी मागत न्हाई, रस्ता अडवत न्हाई. येतो कवा नि जातो कवा, कळत बी न्हाई."

खिळे तिथंच विसरून परत आलो.

बाहेरगावच्यांसाठी : सांगलीच्या संस्थानच्या गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, एक गणपती बसतो. वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. चोरपावलांनी येतो म्हणून चोर गणपती. आमच्या शहराला हे इतकं सवयीचं आहे की त्यात काही गंमत आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. देव तीन-चार दिवस आधी येऊन बसलेला, आणि सगळ्या शहरात त्याच्या नावानं मांडव, वर्गण्या, भांडणं अजून चाललेली. या दिवसांत तो सहज पाय मोकळे करायला बाहेर पडला आणि आमच्याच मांडवात आला तर?

"मग?" म्हणाला पोरगा.

मग कार्यकर्ते त्याच्याकडं वर्गणी मागतात.

८ जुलै

अध्यक्षांना कल्पना सांगितली. आधी खूप हसले, मग गंभीर झाले. देवाला स्टेजवर आणून त्याच्याशी थट्टा? लोक काय म्हणतील?

त्यांना सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कारण बाकीच्यांनाही सांगावं लागणार आहे. हे आपल्याच गावात झालेलं आहे. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीत आली. ते बघून श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं, पण त्याहून चांगलं, मराठीत करायला सांगितलं. १८४३ ला 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो तो त्यामुळंच. म्हणजे मराठी नाटकाची सुरुवातही वरून सांगितलेल्या कामातून झाली, तर आपण कुरकुर करू नये. आणि भाव्यांच्या त्या खेळांत सुरुवातीला सूत्रधार, मग पाल्यापाचोळ्यातला वनचर विदूषक, दोघांची टिंगलटवाळी, आणि तिच्या पाठोपाठ प्रत्यक्ष गणपती रंगमंचावर. तमाशातही आधी गण, मग पुढं बतावणीत सोंगाड्या. देवाला नमस्कार करून त्याच्याच समोर माणसांची टर उडवायची ही आपली जुनी वहिवाट आहे. देवाची उडवायची नाही, एवढं सांभाळायचं. आमचा गणपती एकही विनोद करणार नाही. तो साधे प्रश्न विचारील, आणि हसू येईल ते आमच्या उत्तरांवर.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे टर आमची?" हो म्हटलं. "मग चालंल. आमची रोजच उडती."

१२ जुलै

खजिनदार रुसलेत. मसुद्यात खजिनदाराचं पात्र आहे आणि हिशेब विचारला की ते "उंदरानं खाल्ला" म्हणतं. आमच्या खजिनदारांनी २०१६ चा हिशेब अजून दिलेला नाही आणि कारण नेमकं तेच सांगितलंय, हा योगायोग मानायला ते तयार नाहीत.

१९ जुलै

रुसवा गेला. त्यांच्या आईनं काढला. "तुझंच सोंग हाय तर तूच कर की. दुसऱ्यानं केलं तर लोक तुला हसतील, तू केलंस तर तुझ्याबरोबर हसतील." खजिनदाराचं काम खजिनदारच करणार. विनोद कुणावर करावा याबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात इतकं कामाचं काही नव्हतं.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

हरिपूरला संगमेश्वराला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमावर पाणी गढूळ आणि भरून. हे गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. रांगेत उभा असताना त्यांच्या 'संशयकल्लोळ'चा विचार डोक्यात होता, कारण आमची गोष्ट अडली होती. गणपती आला, वर्गणी मागितली, पुढं नुसती बडबड.

देवलांनी मूळ घेतलं ते मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाच्या इंग्रजी रूपांतरावरून. आधी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक, मग १९१६ ला संगीताचं 'संशयकल्लोळ'. परक्याची गोष्ट, पण बघताना कुठं परकी वाटत नाही. पात्रांची नावं फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या : सगळं पंचांगातून उचललेलं. आणि पहिल्या नाटकाच्या नावातच यंत्र उघडं ठेवलंय. तसबीर. एक वस्तू या हातातून त्या हातात जाते आणि जिच्याकडं जाते तिथं संशय पेटतो. माणसांना भांडायला लावायची वेगळी खटपट करावी लागत नाही.

आमच्याकडं ती वस्तू पहिल्या दिवसापासून पडून आहे. पावतीपुस्तक. ते हरवतं. एक जण म्हणतो दुसऱ्या मंडळानं पळवलं, एक जण खजिनदाराकडं बघतो, आणि तेवढ्यात अंधारात डोक्यावर घोंगडं घेतलेला, पोट सुटलेला कोणी अनोळखी माणूस मांडवात दिसतो. चोर! तो म्हणतो, "होय, लोक मला तसंच म्हणतात."

आणि पुस्तक खाल्लंय खरोखर उंदरानं. त्याच्याबरोबर आलेल्या. खजिनदार आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय आणि कुणी विश्वास ठेवत नाही.

दर्शन झालं की नाही आठवत नाही. घरी येऊन एका बैठकीत लिहिलं.

३ ऑगस्ट

मसुद्यातला मधला तुकडा. आधी गणपतीला शुद्ध पुस्तकी बोलायला लावलं होतं. खजिनदारांच्या आईनं ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो काय पुण्याहून आलाय? सांगलीचा गणपती सांगलीचंच बोलंल." बदललं, आणि बदलल्यावर निम्मे विनोद आपोआप जागेवर बसले.

बापू : ओ पाव्हणं, वर्गणी?
पाहुणा : कुणासाठी?
बापू : गणपतीसाठी.
पाहुणा : त्यानं मागितलीया?
बापू : त्यो कशाला मागंल, त्यो देव हाय. मागायला आम्ही हाय की.
पाहुणा : बरं. घ्या एकवीस रुपये. पावती द्या.
बापू : (कोऱ्या वहीचं पान फाडत) नाव?
पाहुणा : बारा हायत. कुठलं लिवताय?
बापू : आधार कार्डावर असंल ते.
पाहुणा : वक्रतुंड लिवा.
बापू : आडनाव झालं. वडिलांचं?
पाहुणा : शंकर.
बापू : राहणार?
पाहुणा : कैलास.
बापू : कैलास अपार्टमेंट. कितवा मजला?
पाहुणा : सगळ्यांत वरचा.
बापू : आई गं. लिफ्ट हाय न्हवं?
पाहुणा : उंदीर हाय.
बापू : उंदीर आमच्यात बी हायत ओ. चढायला काय उपेग?

यात बघणाऱ्याला पहिल्या क्षणापासून माहीत आहे कोण आलंय. घोंगड्याखाली सोंडेचा आकार दिसतोच. माहीत नाही ते फक्त बापूला. रस्त्यावरच्या प्रेक्षकाला कोडं घालून चालत नाही. तो मधेच येतो, मधेच जातो. त्याला पात्रापेक्षा शहाणं करून उभं केलं की कुठूनही बघायला लागला तरी हसतो.

खजिनदाराला "शिल्लक किती?" विचारलं की "धोका पातळीच्या खाली" हे उत्तर ठेवलं. पाणीपातळीचं एवढंच.

८ ऑगस्ट

संदेशाचा वाद. स्पर्धेच्या परीक्षकांसाठी शेवटी सामाजिक संदेश पाहिजे असं अध्यक्षांचं मत. बारा मिनिटं हसवून शेवटी "बंधूंनो आणि भगिनींनो, चला आपण शपथ घेऊ या" सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. मी नको म्हणालो, ते गुण जातील म्हणाले. दोघांचंही राहिलं. शेवटी घनगंभीर आवाजात "बंधूंनो..." सुरू होतं, आणि "आज समाजाला खऱ्या अर्थानं गरज आहे ती..." इथवर आल्यावर उंदीर माइकची वायर कुरतडतो. अंधार. परीक्षकांना संदेश मिळाला असं अध्यक्ष सांगू शकतात.

१२ ऑगस्ट

विश्रामबागच्या स्टुडिओत आवाज भरले. दिवस गेला. काकूंचं कर्ण्याचं गाऱ्हाणं त्यांनी स्वतःच्या आवाजात दिलं, लिहिलेलं बाजूला ठेवून. तेच घेतलं. हळदीवाल्याचं वाक्य त्याच्या तोंडून घ्यायचं होतं, तो आला, पण म्हणाला, "माझा आवाज नगं, गावात वळखतील." दुसऱ्याकडून घेतलं. त्याचं नाव-गाव कुठं येणार नाही हे त्याला सांगितलं आहे.

१७ ऑगस्ट

आजची तालीम गल्लीतल्या बायका-पोरांसमोर केली आणि खरी अडचण कळली. नाटकात नट हशासाठी थांबतो. हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकतो. आमच्या आवाजपट्टीला ते माहीत नाही. "उंदीर हाय" ला हसू उसळलं आणि पुढचं, "चढायला काय उपेग", त्यात वाहून गेलं. बरं, मधे रिकामी जागा सोडावी, तर उद्या तिथं कुणी हसलंच नाही तर? भरलेल्या रस्त्यावर ती चार सेकंदांची शांतता नटाला खाते. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहतात आणि लोकांना वाटतं लाइट गेली.

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, टीव्हीसारखं हसू भरून टाकू मागं. नको. ज्या रस्त्यावर जिवंत माणसं उभी आहेत तिथं डब्यातलं हसू लावलं की तीच गप्प होतात.

रात्री उपाय निघाला, दोन भागांत. प्रत्येक मोठ्या हशानंतर एक वाया जाणारं वाक्य : "काय म्हणालासा?", "थांबा थांबा, लिवू द्या", "पेन चालंना ओ." हशा आला तर ती बुडतात, कुणाचं काही बिघडत नाही. नाही आला तर ती ऐकू येतात आणि खेळ वाहता राहतो. दुसरं, त्या जागी हाताला काम. बापू पानाला चुना लावतो. डबी काढायची, झाकण उघडायचं, बोटानं चुना घ्यायचा, पानावर ओढायचा, उरलेला खांबाला पुसायचा. याला लागतात पाच-सहा सेकंद, आणि हशा लांबला तर खांबाला कितीही वेळ पुसता येतं. खांब अध्यक्षांनी कालच रंगवून घेतलाय, त्यामुळं ते खरोखरच ओरडले. ते ओरडणंही ठेवलं.

१८ ऑगस्ट

नवीन वाक्यं भरून आणली. वायरिंग, ताडपत्री, पाऊस. पाणी चढालंय, सगळे पुलाकडं.

२१ ऑगस्ट

उंदराचं काम करणाऱ्या पोराला ताप. त्याची बहीण करणार. ती त्याच्यापेक्षा बरी कुरतडते.

२४ ऑगस्ट, प्रतिपदा

सकाळी मंदिरात चोर गणपतीचं दर्शन घेतलं. पाहुण्याचं काम करणारा बरोबर होता. एरवी तो बँकेत शिपाई आहे, बोलायला कमी. परत येताना म्हणाला, हात फार हलवतोय मी, नाही का? देवाला घाई नसते. संध्याकाळच्या तालमीत तो जवळजवळ स्थिर उभा राहिला. नुसती मान वळवून बापूकडं बघायचा. बापूची धावपळ त्याच्यासमोर तिप्पट वेडी दिसायला लागली. मी एक ओळ न बदलता प्रवेश सुधारला.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

बसले. आज खेळ नाही, आरती आणि पाऊस.

२९ ऑगस्ट

पहिली रात्र. "आधार कार्डावर असंल ते" हे वाक्य मी भरतीचं म्हणून टाकलं होतं, तिथं सगळ्यांत मोठा हशा. तिथं वाया जाणारं वाक्य ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं "वक्रतुंड" पुढच्या तीन रांगांच्या पलीकडं कुणाला ऐकू गेलं नाही. पाहुण्याला सांगितलं, ओठ सावकाश हलव, लोक ओठांवरून ओळखतात. दुसऱ्या खेळापासून ओळखलं.

"अक्षता कवा पडायच्या" ला आधी हशा, मग मागच्या बाजूनं, जिथं वाडीवस्तीवरून आलेली पोरं मोटारसायकलींवर टेकून उभी असतात, तिथून शिट्ट्या आणि टाळ्या. टाळ्या जरा जास्त वेळ चालल्या. खजिनदारांना "उंदरानं खाल्ला" वर रस्त्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "२०१६ चा बी?" त्यांनी ओठ हलवायचे सोडून त्याला हात जोडले. आवाजपट्टी पुढं निघून गेली, पण कुणाची तक्रार नव्हती. उद्यापासून हात जोडणं कायम.

३१ ऑगस्ट

संस्थानच्या गणपतीचं आज पाचव्या दिवशी विसर्जन, गावात पाय ठेवायला जागा नाही. मिरवणूक बघून परतणारी गर्दी आमच्याकडं वळली. मिरजेहून आलेल्या एका कुटुंबानं ओळीनं दोन खेळ बघितले. जाताना आजोबा म्हणाले, आमच्यात असं लिहिणारे खूप आहेत. होय म्हटलं.

पलीकडच्या मंडळाचे अध्यक्ष आले होते. त्यांच्या अफजलखानाच्या देखाव्यातला बिचवा मोडलाय, आमच्याकडचा जुना मागायला. दिला. पावती मागितली नाही.

२ सप्टेंबर

पुढच्या दोन दिवसांसाठी : काकूंचा आवाज थोडा वर घ्यायचा. उंदरीण कुरतडताना प्रेक्षकांकडं बघते, बघू नको म्हणून सांगायचं. खांबाला आजवर इतका चुना लागलाय की तो पांढरा दिसतोय, रोज दुपारी पुसून घ्यायचा, नाहीतर पुसण्यातली गंमत जाते. मागच्या रांगांना चुन्याची डबी दिसत नाही अशी तक्रार आहे. तुपाचा रिकामा डबा पितळी रंगानं रंगवून घ्यायचा, आणि बापूला तो कमरेला बांधून उद्या सकाळीच चालून बघायला सांगायचं.